बिनकामाची वायर

काल, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सभागृह रिकामं असताना — रिकामं, हे लिहिलंत ना? लिहा. तुमच्या आधी एकाने फोनवर विचारलं, त्यालाही मी हेच सांगितलं, आणि त्याने छापलं काय, तर 'सभागृहात थरार'. कसला थरार? खोकं खाली आलं. स्टेजच्या पुढे डाव्या अंगाला वर टांगलेला जो मोठा लाऊडस्पीकर होता — आम्ही त्याला खोकंच म्हणतो — तो पहिल्या रांगेवर पडला. पाच खुर्च्या मोडल्या, एक बादली चेपली. माणूस एक नाही. मावशी तिथेच फरशी पुसत होत्या, पण नेमक्या पाणी बदलायला गेल्या होत्या. आता बघा, घाण पाण्याने पुसू नका म्हणून मी रोज त्या बाईच्या मागे लागतो, ती मला खडूस म्हणते, पाठीमागे म्हणते पण मला कळतं — काल त्याच खडूसपणाने तिचा जीव वाचला की नाही? हे छापाल का? नाही छापणार. व्यवस्थापकाचं चांगलं कोण छापतं.

बसा. उभ्याने बोललं की चौकशी चालल्यासारखं वाटतं. ते कागद सरकवा तिकडे — पेपरवेट असू द्या त्यावर, पंख्याने उडतात. हां. तर मुद्दा असा, की आज संध्याकाळी या सभागृहाला पन्नास वर्षं होतायत, सातशे माणूस येणार आहे, मुलांचं समूहगान आहे, आणि तुम्ही मला विचारताय कार्यक्रम होणार का. होणार. का नाही होणार? एक खोकं पडलं म्हणून? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, तसं झालं. आवाजाची चाचणी चालू होती, मुलांच्या गाण्यातला ड्रम कुणीतरी जरा मोठा लावला, आणि त्याच वेळी वरच्या साखळीची कडी उघडली. उघडली म्हणतोय मी, तुटली नाही. तुटणं वेगळं, उघडणं वेगळं. तुटली म्हणजे माल वाईट. उघडली म्हणजे — उघडली. तसंच लिहा.

काय? आधी तिथे साखळी नव्हती, असं कुणी सांगितलं तुम्हाला? थांबा, सांगू नका, मी सांगतो. साउंडवाली बाई. काल दुपारी इथून पाय आपटत गेली ती सरळ तुमच्याकडे आली असणार. मला वाटलंच होतं. आता त्या बाईचं पण ऐका. दोन वर्षांपूर्वी ही दोन्ही खोकी तिनेच टांगली. हुशार आहे, नाही म्हणत नाही, या कामाच्या कसल्या कसल्या परीक्षा दिल्यात तिने, माणसं हाताखाली आहेत — पण तोंड म्हणजे पट्टा. 'काका, खाली उभे राहू नका.' 'काका, वरच्या कशालाही हात लावू देऊ नका.' 'काका, हे हँडल उचलायला असतं, टांगायला नाही.' जसा काही मी हँडलला दोरी बांधून टांगणार होतो. एकदा नुसतं विचारलं होतं मी, की हँडल आहेच तर एवढा खटाटोप कशाला, तर सगळ्या मंडळींसमोर हसली. हसायचं काय त्यात? माणूस विचारतो म्हणूनच शिकतो.

खोकं पन्नास किलोचं. पन्नास. आणि बाईंनी लावलं काय, तर एकेका जागी टनभर पेलेल असं लोखंड. काळं, जाडजूड, घोड्याच्या नालासारखं वाकवलेलं, तोंडात आडवी पिळाची खीळ — शॅकल म्हणतात त्याला — आणि त्या खिळीलाही वर तार गुंडाळलेली, का, तर थरथरून फिरू नये. मी म्हटलं, बाई, हत्ती टांगायचाय का? तर म्हणते, 'काका, हत्ती असता तर तुम्हाला आधी छत बदलायला लावलं असतं.' मी म्हटलं, एका माणसाच्या जेवणाला दहा जणांचा स्वयंपाक कशाला? तर म्हणते, 'डोक्यावर टांगायचं तर असाच करायचा. वजन एकदा उचलणं सोपं असतं हो, रोज थरथरताना धरून ठेवणं अवघड.' बरं, एवढं करून तरी समाधान? नाही. प्रत्येक खोक्याच्या पाठीतून एक पोलादी वायर वेगळी काढून वर छताच्या गर्डरला बांधलेली. जराशी सैल. तिच्यावर भार काही नाही, नुसती आपली आहे. मी विचारलं, ही कशाला? 'बाकीचं सुटलं तर खोकं हिच्यावर राहील.' अहो, पण बाकीचं सुटेल कशाला? टनाटनाचं लावलंयस ना? म्हणजे स्वतःच्याच कामावर स्वतःचा भरवसा नाही, असाच अर्थ झाला ना त्याचा? तुम्हीच सांगा.

सांगतो, बदललं कसं ते पण सांगतो, लपवायचं काय आहे. दोन महिन्यांमागे या पन्नास वर्षांच्या निमित्ताने फोटो काढून घेतले सभागृहाचे, माहितीपत्रकासाठी. नवे पडदे, नवा रंग, खुर्च्यांना नवी खोळ, सगळं कसं लग्नाच्या मांडवासारखं उजळलेलं — आणि प्रत्येक फोटोत वर ही काळी आकड्यांची लड. अध्यक्षांच्या वहिनी तिथे होत्या, त्या सहज म्हणाल्या, 'हे कसायाच्या दुकानात टांगल्यासारखं दिसतंय.' बाई बोलून गेल्या, पण असलं एकदा कानात शिरलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. मलाही दिसायला लागलं. मग पडद्याच्या दुकानात सोनेरी साखळी होती, वाराने मिळते, चांगली झळझळीत, दुकानदार म्हणाला याने लोक झुंबरं टांगतात. झुंबर काय कापसाचं असतं? खाली माणसं जेवत बसतात त्याच्या. तेव्हा कमिटीने ठरवलं की काळं काढायचं आणि सोनेरी लावायचं. कमिटीने म्हणजे — मी सुचवलं, त्यांनी माना हलवल्या. अध्यक्ष फोनवर बोलत होते, त्यांनी हात असा केला. असा. आता याचा अर्थ 'करा' असाही होतो आणि 'नंतर बोलू' असाही होतो, पण कामं करणाऱ्या माणसाने 'करा' असाच घ्यायचा असतो, नाहीतर या जगात एक पडदासुद्धा बदलला जाणार नाही.

तिला विचारलं का? तिला कशाला विचारायचं? शोभेची बाब होती ती. भिंतीचा रंग बदलताना विचारलं का तिला? सुताराने केलं. सुतार आमचा जुना, लाकूड म्हणा लोखंड म्हणा, सगळ्यात हात चालतो. एका दुपारी दोन्ही बाजू करून दिल्या. वर चढल्यावर म्हणाला खरं, 'साहेब, या कड्या नुसत्या वाकवून आणल्यात, सांधलेल्या नाहीत, जोडाला फट दिसते' — पण तो प्रत्येक कामात काहीतरी म्हणतोच हो. टेबलाचा पाय बसवतानाही म्हणतो. त्याचं ऐकत बसलो असतो तर या खोलीत आपण दोघं जमिनीवर बसलो असतो. हे लिहू नका. सुताराचं लिहू नका. उगाच गरिबाच्या पोटावर पाय.

वायर? वायर मी काढायला लावली. ती कमिटीने नाही, ती माझी. आणि त्याची मला लाज नाही. माझं ऐका जरा. निवृत्त होईपर्यंत मी मोठ्या कचेरीत होतो, आणि माझं काम एकच होतं — कोण रिकामं बसलंय ते शोधायचं. कुठली खुर्ची, कुठलं कपाट, कुठला माणूस. जे काम करत नाही ते काढायचं. लोक शिव्या द्यायचे, पण कचेरी चालली. इथे आलो तर काय, दारावर दोन पहारेकरी, त्यातला एक नुसता बसून. काढला. कॉरिडॉरमध्ये आगीसाठी म्हणून वाळूच्या बादल्या रांगेने टांगलेल्या — पन्नास वर्षांत कुणी हात लावला नव्हता, वाळूत सिगारेटची थोटकं. वाळू बागेत टाकली, बादल्या मावशींना दिल्या. काल चेपली ती त्यातलीच. तर ती वायर मी दोन वर्षं बघत होतो. रोज बघत होतो. एकही दिवस तिच्यावर ताण नाही. काठीने ढोसली की हलते. आता तुम्ही म्हणाल, तिचं कामच ते होतं, न करण्याचं. ती बाई पण हेच म्हणाली. 'काका, ती काही करत नव्हती याचाच अर्थ बाकी सगळं ठीक होतं.' असं कधी असतं का? असं म्हटलं तर जगातला प्रत्येक आळशी माणूस म्हणेल, मी बसलोय म्हणून जग चाललंय.

वाया नाही घालवली मी. मागच्या अंगणात बांधली, पडदे वाळत घालायला. ओले मखमली पडदे, उचलताना दोन माणसं लागतात, आणि अख्खी रांग घातली तरी तार वाकत नाही. मजबूत माल आहे. आता बघा, दोन वर्षं नुसती लोंबत होती, आता कामाला लागली.

काय वाचताय? ते पेपरवेट आहे. ठेवा ना खाली. — हो, त्यातलंच आहे एक, मग? काढलेलं लोखंड भंगारात घालायचं की वापरायचं? कोरलेलं असतंच त्यावर काहीतरी. एक टन. हो, एक टन, मला वाचता येतं. आणि साखळीवर काय लिहिलंय? साखळीवर काही लिहिलेलं नाही, शोभेच्या वस्तूवर कोण लिहितं? दागिन्यावर लिहितात का किती पेलतो म्हणून? फोटो कशाला काढताय पेपरवेटचा? बातमी खोक्याची आहे ना? आण इकडे ते. — माफ करा. आणा इकडे. रात्री झोप नाही, तोंडातून काहीबाही जातं.

उजवीकडचं. मला माहीतच होतं तुम्ही तिथे येणार. सगळे तिथेच येतात. मावशी येतात, वायरमन येतो, आता तुम्ही. उजवीकडचं खोकं आहे जागेवर, छान आहे, त्याला काही झालेलं नाही. साखळी तीच, हो. सुतार तोच, दुपार तीच. म्हणून काय झालं? डावं पडलं म्हणून उजवं पडलंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय? सख्खे भाऊ एकसारखे निघत नाहीत. आणि आज ते वाजवणार नाही आहोत. खाली स्टँडवर दोन छोटे आणलेत भाड्याने, त्यावर होईल सगळं. ते वरचं नुसतं राहील. मग काढत का नाही? — तुम्ही पण अगदी तिच्यासारखंच बोलता हो. काढायचं तर वर कुणी चढायला नको का? सुताराचा फोन काल दुपारपासून बंद, बायको म्हणते गावाला गेलेत. ज्या माणसाला मी कधी दोन दिवस सुट्टी घेतलेली पाहिली नाही, तो बरोबर काल गावाला गेला. वायरमनला शिडीपाशी नेला, त्याने मान वर करून बघितलं, मला म्हणाला, 'काका, मला दोन लहान मुलं आहेत.' म्हटलं, अरे, मी तुला मुलं किती ते विचारलं का? तर शिडी उचलून परत ठेवून आला.

राहिली ती बाई. ती येईल. येते म्हणालीय. तिचं म्हणणं, शिडी लावून चालायचं नाही, लोखंडी मचाण उभं करावं लागेल, आधी खोक्याला खालून आधार द्यायचा मग वरचं सोडायचं, मचाण उद्याशिवाय मिळत नाही, कामाला पूर्ण सकाळ जाईल, तोवर, म्हणजे आज, हॉल बंद. बंद. सातशे लोकांना काय सांगू, घरी जा? आणि त्यातून अट. मी दोन ओळी लिहून द्यायच्या. काय, तर 'मूळचे शॅकल आणि सुरक्षेची वायर आम्ही काढून त्याजागी शोभेची साखळी लावली.' खाली सही. का, तर म्हणे उद्या कुणी विचारलं हे कुणी टांगलं, तर लोक तिचंच नाव घेतील, आणि नाव हेच तिचं पोट आहे. म्हटलं, तू आधी खोकं उतरव, मग बघू. तर म्हणते, 'काका, तुम्ही हॉल बंद ठेवा, मी सहीशिवाय येते. उघडा ठेवणार असाल तर सही द्या, आणि ती सही मी दारावर चिकटवते.' दारावर. ऐकलंत? सभागृहाच्या दारावर, पन्नासाव्या वर्षी. मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? तेव्हा गेली पाय आपटत. आणि वर अग्निशमनवाल्यांकडेही जाऊन आलीय, त्यांचा माणूस उद्या येतो म्हणालाय. उद्या. वरातीमागून घोडं.

तुम्हीच बघा ना एकदा डोळ्यांनी, म्हणजे मनातली शंका जाईल. चला. — या इकडून. दार जड आहे, मी धरतो. हे असं कडेने या, डाव्या भिंतीच्या. मधून नको, गालिचा नवीन टाकलाय, पावलं उठतात. हं, उजवीकडेही टाकलाय. म्हणून तर म्हणतो, इकडूनच या. हे बघा, इथे पडलं ते. फरशीला टवका उडालाय तेवढाच, वर कुंड्या मांडल्यात, कुणाला कळणारसुद्धा नाही. उलट शोभा आली. आणि ते तिकडे, वर बघा. आहे की नाही सोनेरी? दिवे लागले की चमकते. हलत नाहीये. तुम्हाला हलल्यासारखं वाटतं ते एकटक बघितल्यामुळे, मी पण सकाळपासून बघतोय, मला पण वाटतं. — ती धूळ दिसतेय तुम्हाला, उजवीकडे खुर्च्यांखाली? त्याच्यावरून सकाळी तासभर वाद झाला. मावशी म्हणतात, डावीकडे झाडते, मध्ये झाडते, उजवीकडे झाडू घेऊन जात नाही. मी म्हटलं, मावशी, पगार अर्ध्या हॉलचा घ्या मग. तर म्हणतात, 'साहेब, तुम्ही झाडून दाखवा, मी पुढचा महिनाभर फुकट झाडते.' मग झाडलं की मी. हो, मी स्वतः. तो छतावरची जळमटं काढायचा लांब दांड्याचा ब्रश असतो ना, तो घेतला आणि इथूनच — पोचेल तेवढं झाडलं.

दोरी बांधून तेवढ्या खुर्च्या बंद करा? सुचलं नसेल का मला ते? पण दोरी बांधली की लोक काय करतात सांगा. वर बघतात. एकाने वर बघितलं की दुसरा बघतो, मग सातशे माना वर, आणि पुढे कार्यक्रम चाललाय पन्नास वर्षांचा. अध्यक्षांचं भाषण आहे. नाही, वर बघायला लावायचं नाही कुणाला. अध्यक्ष मध्ये बसतील, त्या कोचावर, तिथे वर फक्त छत आहे. आणि मुलं ही इथे, स्टेजवर साठ मुलं मावत नाहीत म्हणून खाली उभी करतात, स्टेजच्या पुढे, अशी इकडून तिकडे अर्धगोलात. गोड दिसतात. पांढरे कपडे —

एक मिनिट हं, मुलीचा फोन आहे. — हां, बोल. — निघाली का ती? — अगं, सांगितलं ना सकाळी, डावीकडे. कुंड्या ठेवल्यात त्या बाजूला. — उंचीप्रमाणे उभी करतात? मग त्यांच्या गाण्याच्या बाईंना सांग, तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. — नसू दे, आजच्यापुरतं सांग. — का म्हणजे? मी सांगतोय म्हणून. प्रत्येक गोष्टीला का कशाला लागतं तुला, आईवर गेलीयस अगदी. — नाही, घाबरायचं काही नाही. घाबरायचं असतं तर बोलावलं असतं का मी? — आणि तू पण डावीकडेच बस. जावयांनाही. त्यांना सांग, तिकडून फोटो चांगले येतात. — दे तिला. — काय ठमाबाई, पाठ झालं का गाणं? — कुठे उभं राहायचं? — शहाणी. मैत्रीण? — कोण मैत्रीण? — तिला कुठे उभं करतील ते तिच्या बाई ठरवतील ना बाळा. — नाही, हात धरायचा नाही गाताना. — नाही म्हणतो ना. तू तिला इकडे ओढ — नको, नको ओढूस, काही बोलूच नकोस तिला. आजोबा सांगतात ना? — शहाणी. ठेव.

नात. गाते आज. गळा चांगला आहे, आमच्या घरात कुणाला नाही, कुठून आला देव जाणे. — काय? — मी तिला डावीकडे का म्हटलं? तिला डावीकडे आवडतं. — अहो, प्रत्येकाला आपलं मूल कुठे उभं राहावं याची काही ना काही आवड असते. तुम्हाला नातवंडं आहेत? मग तुम्हाला कळेल. ते वहीत कशाला लिहिताय? हे खोक्याचं नाही, हे घरचं बोलणं आहे. माणूस मुलीशी बोलला ते छापणार तुम्ही? सगळ्या मुलांना डावीकडे उभं करा? साठ मुलं एका बाजूला? पालक विचारतील ना का म्हणून. एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागतं, आणि सगळ्यांना सांगायचं म्हणजे हॉल बंद करायचा. तिथेच येतं बघा सगळं फिरून. मी काल रात्रभर फिरवून बघितलं, कुठूनही निघालं तरी तिथेच येतं.

आणि मी कोण बंद करणार? मला अधिकार आहे का? किल्ली माझ्याकडे आहे, ती वेगळी गोष्ट. किल्ली असणं आणि अधिकार असणं यात फरक आहे. अध्यक्षांना मी काल फोन केला. सांगितलं, असं असं झालंय, काय करायचं? पलीकडे माणसं होती बहुतेक, बोलण्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, 'तुम्ही आहात ना तिथे.' बस्स, एवढंच. आता याचा अर्थ काय घ्यायचा? त्यांनी हात कसा केला असेल ते फोनवर दिसत नाही.

चला, मला अजून पंचवीस कामं आहेत. तुम्हाला पाहिजे ते लिहा, पण 'सूत्रांनी सांगितलं' म्हणून लिहा, माझं नाव नको. आणि संध्याकाळी या. हा पास घ्या, पत्रकारांसाठी राखून ठेवलेत, पहिली रांग, मानाने बसा — थांबा. बघू तो. उजवीकडचा आलाय हा. कडेची खुर्ची. द्या इकडे, तुम्हाला दुसरा देतो, मागची रांग आहे पण मध्ये आहे, ऐकू छान येतं. हां, हा घ्या. नाही हो, तसं काही नाही, तिथे वारा लागतो पंख्याचा, तुमचं वय झालंय, माझ्याएवढे आहात तुम्ही.

हा? हा नाही फाडत. पास फुकट कशाला घालवायचा, बाहेर सकाळपासून माणसं उभी आहेत पाससाठी. देईन कुणाला तरी. कुणाला म्हणजे? जो आधी मागेल त्याला. मी कुणाचं नाव बघून देत नाही, मला सगळे सारखे.

या आता. आणि जाताना तेवढं दार — नाही, सोडून देऊ नका, धरून ठेवा, हातात धरून हळूच लावा. अजून हळू. आपटलं की ते वर हलतं.